घरचं मोठं माणूस

मी पुतळा बोलतोय. चौकातल्या थोर माणसाचा नव्हे हो, कापडाच्या दुकानातला. ज्याच्या अंगात शर्ट घालून काचेत उभं करतात, तो. दुकानात मला डमी म्हणायचे. पुढं मला बाप म्हणायला लागले. ते कसं झालं तेच सांगायचंय. वेळ असेल तर बसा. मला उभं राहायची सवय, पण मध्ये तेही अर्धंच खरं होतं.

माझा जन्म एका गाळ्यात झाला. साच्यात ओतलं, वाळवलं, घासलं, रंग दिला. कंबरेवर एक तुकडा, कंबरेखाली एक. बारसं नाही, पाचवी नाही, कुणी दृष्ट काढली नाही. रंगवणाऱ्यानं मला गुलाबी-गोरा केला, डोळे निळे काढले आणि पापण्या मिटायची सोय काही ठेवली नाही. तेव्हापासून मी बघतोच आहे.

भिवंडीच्या निजामपुऱ्यात एका शेठच्या दुकानात मी लागलो. लग्नसराईत शेरवानी, जूनमध्ये शाळेच्या मास्तरांसारखा शर्ट, थंडीत स्वेटर. काम एकच, उभं राहायचं आणि बघायचं. बायका पोरांना घेऊन यायच्या. कपडा घालून बघितला की कॉलरमध्ये एक बोट घालायच्या, गळ्याला आवळत तर नाही ना म्हणून. मग काखेत बघायच्या, मग परत कॉलरमध्ये. पोरगं म्हणायचं, "आई, पुरे." आईचं कधी पुरे होत नाही. मी हे सगळं बघून बघून शिकलो. माझ्या कॉलरमध्ये कुणी बोट घातलं नाही, पण काळजी कशी करतात ते मला कळलं. आणि ती एकदा लागली की सुटत नाही, हेही कळलं.

एकदा टाय बांधताना शेठच्या नोकरानं जोर केला आणि माझ्या मानेतला आटा फिरला. त्या दिवसापासून मान सैल. रस्त्यानं सुताचे जाड रूळ भरलेला टेम्पो गेला की दुकान हादरायचं आणि मी मान डोलवायचो. गिऱ्हाईक विचारायचं, "हा कलर मला बरा दिसेल का?" बाहेरून टेम्पो जायचा. मी हो म्हणायचो. माझ्या काळात शेठचा माल चांगला खपला, हे मी बढाई म्हणून सांगत नाही.

पण ईदच्या गर्दीत धक्का लागला, माझा डावा हात पडून फुटला. आणि त्याच वेळी बाजारात नवे पुतळे आले, बिनडोक्याचे. मान कापलेले. शेठला मुंबईचा माणूस म्हणाला, "आजकल फॅशन में सर नहीं चलता." शेठनं सगळी काच बिनडोक्यांनी भरून टाकली. मला डोकं होतं, वर ते हलत होतं. मी एका सकाळी चिंध्यांच्या ढिगाशेजारी, कचऱ्यात.

तिथं मला सरू भेटली.

सरू लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या गल्ल्यांमधून चिंधी गोळा करून विकायची. दिघाशीच्या पलीकडच्या पाड्यावरची पोर. आईबाप वीटभट्टीवर राबायचे. आई आधी गेली, बाप मागून गेला. झोपडीत भाऊ-भावजय आणि त्यांची पोरं, हिला पाय पसरायला जागा राहिली नाही. म्हणून भिवंडीला आली आणि धामणकर नाक्याजवळच्या पुलाखाली राहायला लागली. वय असं की त्या वयाच्या पोरीला घरची माणसं कोपऱ्यावरच्या दुकानातही एकटी धाडत नाहीत.

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि हाक मारली, "धम्मे, पळत ये. माणूस फेकलाय हितं!"

"मेलाय काय?"

"न्हाय गं. कोरा हाय."

धम्मदिना धावत आली. ही तिची पुलाखालची मैत्रीण, नववी शिकलेली. ही मावशीकडे राहायची, ती बिल्डिंग पडायला आली म्हणून रिकामी करायला लावली. मावशीनं टीव्ही नेला, कपाट नेलं, मिक्सर नेला, आणि हिला म्हणाली, तू बघ कुठंतरी सोय. सोय म्हणजे पूल.

"याचं काय करायचं?" धम्मदिना म्हणाली. "भंगारवाला पण घेणार नाही."

"याला हितंच बसवू. पुरुष माणूस दिसला की कुत्री पण लांबून भुंकतात."

दोघींनी मला कंबरेत सोडवला. वरचा अर्धा भाग पुलाच्या खांबाला टेकून एका पत्र्याच्या डब्यावर ठेवला, अंगात जुना सदरा घातला, खाली चादर गुंडाळली. डोक्याला मफलर, डोळ्यांना फुटका गॉगल, तोंडाला कोरोनातला मास्क. मांडी घालून बसलेला माणूसच दिसायला लागलो म्हणे. माझे पाय खांबाच्या मागं उभे केले, त्यावर कपडे वाळत घालायला.

मग मी कोण, यावर दोघींचा वाद.

"नवरा म्हणू," धम्मदिना म्हणाली. "तुझा किंवा माझा, आळीपाळीनं."

"नवरा नको. नवऱ्याचा भरवसा न्हाय. बाप कर."

"बाप काय कमी सोडून जातात?"

"माझा सोडून न्हाय गेला. मेला," सरू म्हणाली. "फरक हाय."

असा मी बाप झालो. नाव तिच्या बापाचंच दिलं, सावळाराम. माझा रंग बघता धम्मदिना तासभर हसत होती.

पण खरं सांगतो, कमाल झाली. पुलाखालून जाताना वाकडं बोलणारी पोरं मला बघून सरळ चालायला लागली. एकजण तर "चाचा, सलाम" म्हणून गेला. वरून कंटेनर गेला, पूल हादरला, मी मान हलवून सलाम घेतला. तरण्या पोरी उपाशी बसल्या तर लोक म्हणतात, धडधाकट आहेस, काम कर. म्हातारा दिसला की केळी देतात. माझ्यापुढं केळी, वडापाव, श्रावणात तर साबुदाण्याची खिचडीसुद्धा आली. मी कधी खाल्लं नाही. पोरींनी खाल्लं की मला पोट भरल्यासारखं वाटायचं. पोट माझं पोकळ आहे, तरीही.

तिथल्या ड्युटीवरचे पंढरीनाथ हवालदार पहिल्या दिवशी दंडुका आपटत आले. "चला, उठा, उचला सामान!" मग मला बघितलं. आवाज खाली आला. "अच्छा, काका आहेत होय सोबत? मग ठीक आहे. काय काका, बरं ना?"

कंटेनर गेला. बरं, असं मी सांगितलं.

तेव्हापासून ते रोज चहाचा कप घेऊन माझ्याशेजारी बसायचे. गुडघा, बदली, मुलाचं इंजिनियरिंग, बायकोची बहीण, सगळं मला सांगायचे. "काका, मी चुकलो का सांगा." कंटेनर. "बघा, मलाही तेच वाटतं." एकदा पोरींना म्हणाले, "तुमचे वडील फार समजूतदार. मध्ये बोलत नाहीत. अशी माणसं आमच्या डिपार्टमेंटला पाहिजे होती."

"मौन हाय त्यांचं," सरू म्हणाली.

"कधीपासून?"

"जल्मापासनं."

हवालदारांनी मला हात जोडले.

आता हसू नका. पुढं हसण्यासारखं नाही. म्हणजे आहे, पण मला तेव्हा येत नव्हतं.

पावसाळा सरता सरता सरूला खोकला लागला. आधी वाटलं चिंधीचा कापूस घशात जातो म्हणून. मग अंगात ताप राहायला लागला. घाम यायचा. चोळी सैल झाली. धम्मदिना तिच्या ताटलीत आपला वाटा सारायची आणि ती परत सारायची. मी समोर बसलेला. मला उठून कपाळाला हात लावता येईना. एक हात आहे, पण तो सदऱ्याच्या खिशात अडकवलेला. तान्ह्या पोराला पाजल्यावर ढेकर येईपर्यंत आईचा जीव थाऱ्यावर नसतो ना, तसं माझं व्हायचं. एक खोकला झाला की दुसऱ्याची वाट बघायचो, आणि दुसरा झाला की वाटायचं, का बघितली.

दोघी सरकारी दवाखान्यात गेल्या. तासाभरात परत आल्या.

खिडकीवरच्या बाईंनी मान वर न करता विचारलं होतं, "सोबत कोण आहे?"

"ही हाय की," सरू म्हणाली.

"ही नाही. मोठं कोण? घरचं मोठं माणूस घेऊन ये."

"मोठं माणूस न्हाय."

"असं कसं? सगळ्यांना असतं."

धम्मदिना मला हे नक्कल करून सांगत होती. हसवायला बघत होती, पण आवाज मध्येच फाटला. मग दोघी एकदमच माझ्याकडे बघायला लागल्या. सेलच्या दिवशी आया शर्टाकडे बघतात तशा.

दुसऱ्या दिवशी मी शेअर रिक्षात. म्हणजे माझा वरचा भाग. पाय पुलाखालीच राहिले, त्यांच्यावर धम्मदिनाचा ओला ड्रेस होता. मी दोघींच्या मध्ये, चादरीत. रिक्षावाला म्हणाला, "चाचा को बोलो थोडा सरको, एक और बैठेगा." धम्मदिना म्हणाली, "भैया, चाचा के पैर नहीं है." रिक्षावाल्यानं चौथी सवारी घेतली नाही आणि भर रस्त्यात "या अल्ला" म्हटलं. पायांची तेवढी आठवण मला झाली. जीव एकीकडे, पाय एकीकडे असं लोक म्हणतात, ते मी करून बघितलंय.

दवाखान्याच्या दारात व्हीलचेअर मिळाली. ढकलणारा वॉर्डबॉय म्हणाला, "काकांचं वजन काहीच नाही. खात नाहीत का?" खिडकीवरच्या बाईंनी आजही मान वर केली नाही. "सोबत कोण?"

"बाबा हायत."

"हं. आत जा." एवढंच. एवढ्यावर अडलं होतं सगळं.

थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला, फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीला मी. शेवटी बकुळा सिस्टरनी आम्हाला समोर बसवलं. भल्या बाई, चष्मा दोरीला बांधलेला. आजार सरूचा, पण बोलल्या माझ्याशी. माणसांची ही एक सवय मी सगळीकडे बघितली. पोर समोर बसलेली असते, आणि विचारतात मोठ्याला, पोर जेवते का.

"काका, ऐका. पोरीला टीबी आहे. घाबरायचं नाही, पूर्ण बरा होतो. पण गोळ्या रोज, सहा महिने. बरं वाटलं म्हणून सोडायच्या नाहीत. सोडल्या तर तो परत येतो आणि मग औषधाला जुमानत नाही. पोरं काय करतात, हातात घेतात आणि टाकून देतात. तुम्ही समोर बसून गिळायला लावायची. मग आ करायला सांगायचं. बघाल ना रोज?"

पुलाखाली असतो तर कंटेनरनं उत्तर दिलं असतं. दवाखान्यात सगळं गार. सिस्टर माझ्याकडे बघतायत, मी सिस्टरकडे. तेवढ्यात सरूला खोकल्याची उबळ आली. तिनं व्हीलचेअरची दांडी धरली, पाठीतून वाकून खोकली, खुर्ची हादरली आणि माझी मान खाली गेली, वर आली, खाली गेली.

"बास, बास, काका. कळली तुमची तळमळ," सिस्टर म्हणाल्या.

मग त्यांनी धम्मदिनाची तपासणी करायला लावली, सोबत राहते म्हणून. ती निघाली ठणठणीत. "बाबांचीही करून टाकू. काका, या डबीत थुंका."

"बाबा थुंकत नाहीत," धम्मदिना घाईनं म्हणाली.

"कुठंच?"

"कुठंच नाही. आयुष्यात नाही."

सिस्टरनी चष्मा काढून मला नीट बघितलं. "भिवंडीत?" म्हणाल्या. डबी बाजूला ठेवली.

असं मला माझं खरं काम मिळालं. मी जन्मभर काय केलं होतं? एका जागी बसायचं, डोळे उघडे ठेवायचे. या कामाला माझ्याएवढा लायक माणूस तालुक्यात नव्हता.

रोज सकाळी नळावरून तोंड धुवून सरू माझ्यासमोर उकिडवी बसायची. गोळ्या तोंडात, वरून पाणी. मग जबडा फाकवून, "आऽऽ. बघ बाबा. गिळली." वरून कंटेनर. मी हो म्हणायचो. पहिल्या दिवसांत लघवी शेंदरी झाली, तेव्हा धम्मदिना रडकुंडीला आली, "ही फुटली आतून!" पळत जाऊन सिस्टरना विचारून आली. गोळ्यांचा रंग असतो म्हणे, घाबरायचं नाही. मी मात्र घाबरूनच होतो. घाबरायचं नाही म्हटलं की माझं वाढतं.

धम्मदिना एका लग्नाच्या हॉलमध्ये ताटं धुवायला जायची. उरलेली डाळ, अंडी, भात पिशवीत आणायची आणि म्हणायची, "खा, नवरदेवाकडचं आहे." सरू म्हणायची, "माझं रोजच लगीन." अशा हसायच्या. रस्त्यावरच्या पोरींना हसू कुठून येतं, असं काही लोक थांबून बघायचे. मला विचाराल तर ज्यांच्याकडे कपाट नाही त्या गोष्टी अंगावरच ठेवतात. हसू पण.

दोनेक महिन्यांत सरूचे गाल भरले, खोकला थांबला. आणि तिथंच घोटाळा झाला.

एका सकाळी तिनं गोळ्या हातात घेतल्या आणि बसूनच राहिली. "बाबा, मी बरी झाले. आता कशाला? पोटात ढवळतं, अर्धा दिवस चिंधी उचलवत न्हाय." मी बघत होतो. "असं नको बघू." मी तरी काय करणार, पापण्याच नाहीत. ती उठली, माझी मान दोन्ही हातांनी धरली आणि तोंड खांबाकडे फिरवलं.

आता मला फक्त खांब दिसत होता. त्यावर कुणीतरी बोअरवेलचा नंबर लिहिलेला. मागं काय चाललंय कळेना. ओरडावंसं वाटलं. सरू, गीळ गं. सरू, बाळा, गीळ. पण तोंड रंगवलेलं आहे, उघडत नाही. वरून कंटेनरमागून कंटेनर गेले, मी त्या बोअरवेलला मान हलवत राहिलो.

बराच वेळ गेला. मग मागून नाक ओढल्याचा आवाज आला. दोन हात आले, माझी मान परत फिरवली. तिचे डोळे लाल.

"खांबाकडं तोंड करून पण बघतोच हायस मेल्या तू," ती म्हणाली. "घे. बघ. आऽऽ."

मी तेव्हा समजलो की माझ्या बघण्याला एवढी ताकद आहे. मला जरा गर्वही झाला. तो लवकरच उतरला.

कुणी मोठे साहेब येणार होते म्हणून रस्ता साफ करायचं निघालं. दोघी कामाला गेल्या होत्या. अतिक्रमणवाल्यांची गाडी आली आणि पुलाखालचं सगळं उचललं. हातगाड्या, छत्र्या, बोर्ड, मी, आणि वेगळे माझे पाय. पंढरीनाथ हवालदार आडवे आले. "अहो, म्हातारा माणूस आहे!" गाडीवाला म्हणाला, "साहेब, प्लॅस्टिकचा आहे." हवालदारांना एवढा राग मी कधी आलेला बघितला नव्हता. "माणसाला प्लॅस्टिक म्हणता? शोभतं का?"

जप्तीच्या गोदामात मला एका उसाच्या गाडीवर टाकलं, तोंड भिंतीकडे. पाय कुठं गेले ते कळलं नाही. सकाळ झाली की माझा जीव वर-खाली. जीव आहे का, ते विचारू नका. आता ती नळावर गेली असेल. आता तिनं गोळ्यांचं पाकीट उघडलं असेल. आता समोर कोण? कुणीच नाही. मागच्या वेळी निदान मी पाठमोरा तरी होतो. अजून निम्म्याहून जास्त गोळ्या बाकी होत्या. ती सोडेल, खोकला परत येईल, मग औषध जुमानणार नाही. सिस्टरना मी हो म्हटलं होतं. रोज हेच, भिंतीकडे तोंड करून. शेजारी एक फुगेवाल्याची गाडी होती, तिच्यातला एकेक फुगा हवा सोडत होता. माझी पण तशीच गत.

असे कितीतरी दिवस गेले. आणि मग दारातून आवाज आला.

"माझा बाप हाय आत."

दारावरचा कारकून म्हणाला, "इथं माणसं ठेवत नाहीत."

"हवालदार म्हणाले हितंच हाय. तो बघा ना, गुलाबी कानाचा!"

कारकुनानं, हे मला मागून धम्मदिनानं सांगितलं, माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. मफलर ओढून बघितला. मग, कामाची सवय मोठी असते, म्हणाला, "बरं. सोडायचा तर सोबत मोठं माणूस लागेल. घरचं कोणी मोठं घेऊन या."

"घरचं मोठं माणूसच सोडवायला आलेय मी!" सरू म्हणाली. "तेच तर तुम्ही आत टाकलंय!"

"ते झालं. पण त्याला न्यायला मोठं माणूस कोण?"

धम्मदिना शेजारी उभी होती. नेहमी असं अडलं की ती पुढं होऊन काहीतरी थाप मारायची. तिनं तोंड उघडलं, पण सरूनं तिचा हात दाबला. आणि स्वतः पुढं झाली. खोकली नाही. मला भिंतीकडे बघता बघता तिचा श्वास ऐकू येत होता, स्वच्छ, कुठं घरघर नाही.

"मी हाय," ती म्हणाली. "सोबत मीच हाय. मोठी मीच. कुठं अंगठा द्यायचा ते सांगा."

कारकून कंटाळला असेल, की त्यालाही घरी जायचं असेल. म्हणाला, "घेऊन जा बाई एकदाचा. आणि त्याचे पाय पण ने, परवा चौकीदार बिचकला त्यांना."

तिनं मला उचललं, तोंड आपल्याकडे केलं. आणि मी बघितलं. गाल तसेच भरलेले. तिनं कमरेचं पाकीट काढून दाखवलं. त्यातले कप्पे रिकामे होते. जेवढे असायला हवे होते तेवढे सगळे.

"कुणासमोर गिळल्यास?" हे मी विचारलं नाही, पण तिला ऐकू आलं असावं.

"तुझ्या शेठच्या दुकानासमोर जायची रोज सकाळी," ती म्हणाली. "काचेत तुझी भावकी उभी हाय ना. त्यांच्यासमोर गिळायची आणि आ करायची. शेठ म्हणतो, ये लडकी क्या मांगती है, रोज मुंह खोलके खडी रहती है."

धम्मदिना म्हणाली, "वेडी. त्यांना डोकी पण नाहीत. डोळे कुठून असणार?"

"म्हाईत हाय," सरू म्हणाली. "मला तर बघितलं न बघितलं सारखंच झालं होतं. तरी आपलं आ केलं. कुणालातरी दाखवलं की बरं वाटतं."

तेव्हा माझा सगळा गर्व उतरला, आणि त्या जागी काय आलं त्याला मला नाव देता येत नाही. एवढे दिवस मला वाटत होतं की माझ्या बघण्यानं ती गिळते. ती बिनडोक्यांसमोरही गिळत होती. गिळणारी तीच होती. मला बसवणारी तीच, फिरवणारी तीच, परत तोंड वळवणारीही तीच. मी आपला मध्ये ठेवलेला. आयांचंही असंच होत असेल का हो? इतकी वर्षं बोट घालून कॉलर बघायची आणि एक दिवस पोरगं स्वतःच वरचं बटण सोडून बाहेर पडतं.

गोळ्यांचा शेवट झाला. शेवटच्या तपासणीला सरू एकटी गेली. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "सोबत कोण?" ही म्हणाली, "मी आलेय ना." बाईंनी पहिल्यांदा मान वर केली म्हणे. बकुळा सिस्टरनी रिपोर्ट बघून पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "बाबा कसे आहेत?"

"बरे हायत. मौन चालू हाय."

"नशीबवान आहेस. बापाच्या जोरावर उभी राहिलीस."

सरू हो म्हणाली. भांडत बसली नाही. चांगल्या माणसाचं मन कशाला मोडायचं.

आता आम्ही लूमच्या एका गल्लीत माळ्यावर राहतो. गोदामात पॅकिंग करणाऱ्या बायकांनी मिळून खोली घेतलीय, त्यात या दोघींचा एक कोपरा आणि माझा एक. मला पाय परत जोडलेत. मी दारामागं उभा असतो. उजव्या हाताला पिशव्या, खांद्यावर टॉवेल. खाली लूम चालतात तेव्हा सगळी खोली हादरते आणि मी दोन्ही शिफ्टमध्ये हो हो करत असतो. बायका त्यामुळे माझ्यावर खूष आहेत. पंढरीनाथ हवालदार मधून मधून जिना चढून येतात. काका उभे राहायला लागले, याचं त्यांना फार कौतुक. म्हणतात, पोरींच्या सेवेचं फळ.

माझं एक मागणं आहे, तेवढं ऐका. कुठं खिडकीवर, दारात, जिन्यात एखादं एकटं पोर आलं, तर "सोबत कोण आहे" हे शेवटी विचारा. आधी बसायला सांगा. पाणी द्या. खाल्लंस का विचारा. ते एवढ्या लांब आलंय म्हणजे स्वतःला सोबत घेऊनच आलंय. आणि मोठं माणूस हवंच असेल तर तुम्ही आहातच की समोर.

मागच्या आठवड्यात धम्मदिनानं पुलाखालून मेघाली नावाची एक पोर आणली. काटकुळी, खोकणारी. बकुळा सिस्टरनी तिला गोळ्या सुरू केल्यात आणि सांगितलंय, त्या सावळारामकाकांच्या नजरेखाली घे. काल सरूनं तिला माझ्यासमोर उभी केली. मेघालीनं गोळ्या तोंडात टाकल्या, पाणी प्यायली, आणि लाजत लाजत तोंड उघडलं. "आऽऽ."

मी हो म्हणालो. मान खाली गेली, वर आली.

सरू हसायची थांबली आणि खालच्या मजल्याचा कानोसा घेऊ लागली. काल शुक्रवार होता. शुक्रवारी लूम बंद असतात.